माल बाहेर जाण्याआधी

टेम्पो पाच वाजता येणार आहे, हे आजीने आम्हाला अडीच वाजता सांगितलं. तेही ताट सिंकमध्ये ठेवता ठेवता, उद्या दूध अर्धा लिटर कमी घ्या म्हणावं, अशा सुरात.

"कसला टेम्पो?" बाबांनी विचारलं.

"मुलांच्या वाचनालयाचा. तिथल्या बाई येणार आहेत, खेळणी न्यायला."

"कुठली खेळणी?"

"आपल्या घरात कुणाची आहेत रे खेळणी? तुझी?"

आत्या बेसिनपाशी चूळ भरत होती. ती तोंडात पाणी तसंच धरून वळली. काका पलंगावर आडवा व्हायच्या बेतात होता, तो अर्ध्यातच थांबला आणि बराच वेळ एका कोपरावर तसाच राहिला. दर दुसऱ्या रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला जमतात आणि जेवणानंतर कुणी ना कुणी भांडतंच, पण त्यासाठी साधारण चारेक वाजावे लागतात.

"सगळी?" मी विचारलं.

"एकशे बारा," आजी म्हणाली आणि हात पुसायला लागली. नीट, एकेक बोट वेगळं धरून. पुसून झाल्यावरही नॅपकिन तिने सोडला नाही.

आजीने घड्याळांच्या कारखान्यात जुळणी विभागात एकतीस वर्षं काढली. एका डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि समोर तांदळाच्या कणीएवढे स्क्रू. निवृत्त झाल्यावर लोक यात्रेला जातात किंवा गुडघ्यांबद्दल बोलायला लागतात. आजी भंगारवाल्यांकडे जायला लागली. किल्लीवर चालणारी जुनी पत्र्याची खेळणी, मोडकी, गंजकी, एक चाक नसलेली. ती आणायची, उघडायची, धुवायची, जुळवायची. कारखान्यातल्यासारखं टेबलावर तीनदा चालवून बघायची. तिन्ही फेऱ्या बिनचूक झाल्या की 'पास' अशी चिठ्ठी दोऱ्याने बांधायची, खाली तारीख आणि सही. न जमलेली खेळणी बुटांच्या खोक्यात जायची, ते नापासांचं खोकं.

बाहेरच्या खोलीची एक भिंत छतापर्यंत फळ्यांनी भरलेली आहे. तिला काच नाही. पाहुणे विचारतात, काच का नाही लावत, धूळ बसते. आजी सांगते की तिच्या लहानपणी शेजारच्या मुलीकडे एक पत्र्याचं बदक होतं आणि ती मुलगी म्हणायची, लांबून बघ. आजीने ते बदक दोन वर्षं लांबून पाहिलं. म्हणून आमच्याकडे कुणीही या, काहीही उचला, किल्ली द्या. आमच्या इमारतीतल्या प्रत्येक मुलाने निदान एक तरी खेळणं खाली पाडलेलं आहे, आणि आजीला ते उचलून उघडण्यात जो आनंद होतो तो बघता तिने मुद्दाम काही फळ्या उतरत्या बसवल्यात की काय, असा मला संशय आहे.

सकाळी चहाचा कप घेऊन ती फळ्यांसमोर उभी राहते आणि विचारते, "आज कुणाची पाळी?" मग अस्वल निघतं, नाहीतर आगबोट, नाहीतर शिडीवरून उतरणारं माकड. ते टेबलावर सोडायचं आणि आपण खुर्चीत बसून हनुवटी टेबलाला टेकवायची. अगदी खेळण्याच्या उंचीवर यायचं. "वरून बघितलं तर ते खेळणं दिसतं," ती मला म्हणाली होती. "इथून बघितलं की बस येताना दिसते." मी बघितलं. बस खरंच आली, अंगावर.

तर ही भिंत पाच वाजता टेम्पोत जाणार होती.

"वाचनालयात त्यांचं काय करणार?" काका कोपरावरूनच म्हणाला.

"काचेच्या कपाटात ठेवणार. खाली नावं लिहिणार."

"आणि किल्ली कोण देणार?"

"कुणी नाही. बघायला ठेवणार."

गेल्या वर्षीपर्यंत मी अशा वेळी दाराआड उभी राहून ऐकायचे. हल्ली सरळ मध्ये येऊन बसते. मी आजीच्या समोरची खुर्ची ओढली आणि म्हणाले, "लांबून?"

आजीने माझ्याकडे पाहिलंच नाही. "ठिणगे, चहा टाक सगळ्यांना."

मी स्वयंपाकघरात गेले, पण दार उघडं ठेवलं.

पहिली आघाडी आत्याची. आत्या दातांची डॉक्टर आहे, भावंडांत मोठी, आणि समोरच्याचं तोंड उघडं असताना बोलायची तिला सवय असल्याने तिला मध्ये कुणी तोडलेलं चालत नाही. "मला विचाराल तर आई बरोबर बोलतेय. ती शिडी, ती धूळ. कधी पडली म्हणजे? द्यावीत. जपून ठेवतील ते लोक."

"ताई, तुला ही बाहेरची खोली कधीपासून मोकळी हवीय," काका म्हणाला.

"मला कशाला हवीय? मी इथे राहते का?"

"लहानपणी तुझी होती ना ही."

"चाळीस वर्षांपूर्वी होती. तू तेव्हा इथल्या भिंती रंगवायचास. खडूने."

"अजूनही रंगवतो. आता खडूने नाही एवढंच." काका पाट्या रंगवतो. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. गावात निम्म्या पाट्या त्याच्या आहेत असं तो म्हणतो, आणि उरलेल्या निम्म्या वाईट आहेत.

बाबा नेहमीप्रमाणे मधोमध. ते मोटार चालवायला शिकवतात, दिवसभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या हातून गाडी नेतात, त्यामुळे घरातही कुठल्याच बाजूला जोरात वळत नाहीत. "आईला मनापासून वाटत असेल तर..." ते म्हणाले. "पण मनापासून वाटतंय का? वाटत असेल तर माझी हरकत नाही. नसेल तर आहे."

"बाबा, म्हणजे काय?" मी आतून विचारलं.

"म्हणजे चहा उकळला का?"

पण खरी गंमत अशी की या तिघांपैकी कुणीही हा शब्द काढत नव्हतं: हात.

आजीचे हात थरथरतात. सहा-सात महिने झाले. मी पाहिलं होतं. एक दिवस शाळेतून लवकर आले तर ती खिडकीजवळच्या टेबलाखाली लोहचुंबक घेऊन पडलेला स्क्रू शोधत होती. सापडला, तिने तो चिमट्यात धरला, पुन्हा पडला. चौथ्यांदा पडला तेव्हा तिने ते खेळणं खोक्यात ठेवलं आणि वरून नॅपकिन टाकला. मी पावलं न वाजवता जिन्यात जाऊन बसले आणि दहा मिनिटांनी दार वाजवत घरात आले. कुणाला बोलले नाही. मला वाटलं, हे फक्त मलाच माहीत आहे.

इथून थोडं आईच्या डोक्यातलं सांगते. ते तिने मला नंतर भांडी विसळताना सांगितलं, पण ते इथेच हवं.

आई सोफ्याच्या टोकाला बसून वाटाणे सोलत होती आणि रिकाम्या शेंगाही पुन्हा उघडून बघत होती. कारण गेल्या महिनाभरात तिच्याकडे एकेक करून चार माणसं येऊन गेली होती. पहिले बाबा. "ऐक, आईच्या हाताला काहीतरी होतंय. ते अस्वल मी गुपचूप गॅरेजात दुरुस्त केलंय. 'पास'ची चिठ्ठी तू लिहून दे, तुझं अक्षर चांगलं आहे. आणि कुणाला सांगू नकोस." मग आत्या, बेडूक रुमालात गुंडाळून. मग काका, बस घेऊन. शेवटी मी, बदक घेऊन. प्रत्येकाचं शेवटचं वाक्य तेच. आई शाळेत मराठी शिकवते. अक्षरांची नक्कल तिला इतकी साधते की मुलांच्या प्रगतिपुस्तकांवरच्या पालकांच्या खोट्या सह्या ती लांबूनच ओळखते. तिने चौघांना चिठ्ठ्या लिहून दिल्या, चौघांची गुपितं चार डब्यांत ठेवावीत तशी वेगळी ठेवली, आणि आता कुठला डबा आधी उघडणार याची वाट बघत वाटाणे सोलत होती.

"ठीक आहे," आत्या म्हणाली. "मग खोकी आणा, भरायला लागू."

"थांब," आजी म्हणाली. "माल बाहेर जाण्याआधी शेवटची तपासणी. त्याशिवाय आमच्याकडून एक घड्याळ बाहेर पडलं नाही."

"एकशे बारा खेळणी?" बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आता?"

"सगळी कशाला? नमुन्यादाखल बघायची."

ती फळ्यांपाशी गेली. आणि एकशे बारांतून नेमकी चार उचलली. बस, बेडूक, अस्वल, बदक. ती चारी तिने खिडकीजवळच्या टेबलावर एका रांगेत मांडली. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

आजीने आधी बस उचलली. दोन्ही हातांनी. "हा ड्रायव्हर. माझ्याकडे आला तेव्हा सफाचट होता. याला मिशी कधी फुटली?"

काका पलंगावर उठून बसला.

"वय झालं असेल," काका म्हणाला.

"वय झालं की मिशी पांढरी होते. ही काळीभोर आहे, आणि वर पीळ दिलाय. असला पीळ मी एकाच ठिकाणी पाहिलाय. चौकातल्या सलूनच्या पाटीवर."

"ती पाटी माझी आहे," काका अभिमानाने म्हणाला. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"रंग फक्त नाकापाशी उडाला होता," तो म्हणाला. "नाक केलं. मग ओठ मोकळा मोकळा वाटायला लागला."

आत्या हसली. ते तिने करायला नको होतं. आजीने बेडूक उलटा केला, पोटाचं झाकण उघडलं आणि खिडकीच्या उजेडात धरला. "डॉक्टर, जरा इकडे या. याच्या पोटात दाढ भरलीय का?"

आत्या जवळ गेली, वाकली, आणि इतकी पकडली गेलेली असतानाही तिला राहवलं नाही. "दातेरी चाकाचा एक दात गेला होता. तिथे दातांच्या सिमेंटशिवाय दुसरं काही टिकलं नसतं. पण सहा महिन्यांनी दाखवायला आणावं लागेल."

"बेडकाला?"

"अपॉइंटमेंट देते मी."

मग अस्वल. आजीने त्याच्याखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवला आणि नुसतीच वाट बघत बसली. आम्हीही बघत बसलो. हळूच एक तेलकट डाग उमटला आणि पसरायला लागला.

"याला घाम आलाय," आजी म्हणाली.

"इंजिन ऑइल आहे," बाबा म्हणाले. "चांगल्यातलं."

"ट्रकला चांगलं. याला मी सुईच्या टोकाने एक थेंब देते. तू किती दिलंस?"

"झाकणभर."

आणि मग एकदम सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बाबा काकाकडे, काका आत्याकडे. "म्हणजे तुलाही माहीत होतं?" "तुला कधी कळलं?" "मला वाटलं मी एकटाच." आणि शेवटी तिघंही एकाच वेळी सोफ्याच्या टोकाकडे वळले.

"वहिनी," काका म्हणाला, "तू तर म्हणाली होतीस, हे आपल्या दोघांतच राहील."

"राहिलंच की. प्रत्येकाचं दोघांतच राहिलं."

"आणि मी हिला बजावत होते, कुणाला सांगू नकोस म्हणून..." आत्या बाबांकडे वळली. "तुझी बायको आपल्या सगळ्यांपेक्षा पोचलेली आहे."

"मला आज कळतंय," बाबा म्हणाले.

घटकाभर त्या खोलीत असं वातावरण झालं की जणू परीक्षेत चौघांची कॉपी एकदम पकडली गेलीय. सगळे हसायला लागले. मीही. आजी हसली नाही. तिने अस्वलाच्या पायाला बांधलेली चिठ्ठी हातात घेतली.

"हे अक्षर माझं आहे," ती म्हणाली. "हुबेहूब. पण हे अक्षर आता मला काढता येत नाही."

आईने शेंगांची परात खाली ठेवली. "आई, मी..."

"तुझं चुकलं नाही. तुला सगळ्यांनी धरून बसवलं." आजी खुर्चीत बसली. पहिल्यांदाच तिने हात मांडीवर उघडे ठेवले. ते त्यांच्या त्यांच्या नादात हलत होते. "मी डॉक्टरकडे जाऊन आले. एकटीच गेले. वयाचं आहे, जिवाला धोका नाही, म्हणाले. चहा सांडेल, सुईत दोरा जाणार नाही. ठीक आहे म्हटलं. मग एक दिवस बघते तर हे अस्वल फळीवर. नापासांच्या खोक्यातून उठून, माझ्या अक्षरातली चिठ्ठी बांधून. मी कधी केलं हे? आठवेना. आठ दिवसांनी बेडूक. मग बस. मी दुरुस्त केल्याचं काहीच आठवेना. तेव्हा वाटलं, हात गेले ते गेले, आता डोकंही चाललं. त्या दिवशी मी वाचनालयाला फोन केला."

हसू कुठच्या कुठे गेलं. आत्याने चष्मा काढून पुसायला घेतला. आमच्यातल्या प्रत्येकाने तिला सुखात ठेवायला म्हणून जे केलं होतं, त्यामुळेच ती तीन आठवडे रोज सकाळी चहाचा कप घेऊन फळ्यांसमोर उभी राहून स्वतःला तपासत होती. मला तिथल्या तिथे पलंगाखाली शिरावंसं वाटलं.

"मग कळलं कधी?" बाबांनी विचारलं.

"काल. मिशीमुळे. मला रंग लावता येत नाही, हे मला पक्कं आठवत होतं."

"मग टेम्पो रद्द का नाही केलास?" काका म्हणाला.

"का करू? खेळणी मी चालावीत म्हणून जमवली. तुम्ही ती मला बरं वाटावं म्हणून दुरुस्त करताय. मला औषध दिल्यासारखी. त्यापेक्षा काचेत बरी."

बाबा अस्वलाखालचा डाग पुसायला लागले. घड्याळात सव्वाचार झाले होते. मी उठले.

"एक राहिलंय," मी म्हणाले. "चौथं. ते मी केलंय."

"माहीत आहे. त्याच्या पोटाचं झाकण धरणाऱ्या पत्र्याच्या जिभा दातांनी वाकवल्यासारख्या आहेत."

"पक्कड सापडली नाही."

"दातांनी?" आत्या म्हणाली.

"ते जाऊ दे आत्या." मी बदकाला किल्ली दिली, बारा वेढे, मोजून. आणि टेबलावर सोडलं. माझ्या खोलीत मी ते चालवून पाहिलं नव्हतं, आवाज होईल म्हणून. नुसती किल्ली फिरते एवढं बघितलं होतं. आता बदकाने मान हलवली, एक पाय उचलला, आणि मागे गेलं. मग दुसरा पाय, आणखी मागे. ऐटीत, आमच्याकडे तोंड करून, आम्हाला नमस्कार करत दरबारातून मागे सरकणाऱ्या प्रधानासारखं ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे निघालं आणि काकाच्या चहाच्या कपाला शेपूट लावून थांबलं. पाय तिथल्या तिथे चालूच.

मी डोळे मिटले. आणि एक आवाज ऐकला. मला वाटलं आजी रडतेय. डोळे उघडले तर ती हसत होती. आवाज न काढता आधी, मग खांदे हलवत, मग टेबलावर कपाळ टेकवून.

"चाक उलट्या बाजूने बसवलंस," ती डोळे पुसत म्हणाली. "अगं, मीपण बसवलं होतं. कामाच्या पहिल्याच आठवड्यात. गजराच्या घड्याळाचे काटे उलटे धावायला लागले. मी रडायच्या बेतात. आमचे साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले, हात मागे बांधून. म्हणाले, उघडा. उघडलं. म्हणाले, कुठलं चाक कुणाला ढकलतंय ते मला सांगा. अर्धा तास उभे होते, पण हात काही पुढे आले नाहीत. एकतीस वर्षांत कधीच आले नाहीत. कितीतरी वर्षं मला वाटायचं, या माणसाला काम येत नाही."

ती बोलायची थांबली. स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग खुर्चीतून उठली, माझ्या मागे आली आणि हात पाठीमागे बांधले.

"उघड," ती म्हणाली.

"मी?"

"दात वापरायचे नाहीत. पक्कड खणात आहे, डाव्या. जिभा एका झटक्यात वाकवायच्या नाहीत, पत्रा तुटतो. थोडी ही, थोडी ती. हं. आता बघ. कुठलं चाक कुणाला ढकलतंय?"

मी भिंग लावलं. भिंगातून बदकाचं पोट एखाद्या कारखान्याएवढं दिसतं. "स्प्रिंगचं मोठं चाक या छोट्याला."

"आणि छोटं?"

"या आडव्याला. आणि ते पायांना."

"मग आडवं कुठल्या बाजूला हवं?"

मला दिसलं. दिसलं म्हणजे अक्षरशः दिसलं, बस आली होती तसं. मी चाक काढलं, पलीकडे नेलं, आस बसवला. दोनदा निसटला. मागून काहीच आवाज नाही. तिसऱ्यांदा बसला.

आमच्या पाठीमागे खुर्च्या सरकत होत्या. "आई, माझ्या अस्वलातलं तेल काढायचं कसं?" बाबा म्हणाले. "आधी रांगेत उभा राहा," काका त्यांना म्हणाला. "माझी मिशी आधी आहे."

"मिशी राहू दे," आजी मागे न बघता म्हणाली. "त्याला शोभते."

पाच वाजायला दहा मिनिटं होती. आजी फोनपाशी गेली, आणि आई नंबर लावून द्यायला उठणार तेवढ्यात तिने स्वतःच लावला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला.

"हं, मी बोलतेय. टेम्पो निघाला का? नाही ना, मग नका पाठवू. शेवटची तपासणी घेतली, माल नापास निघालाय... नाही, सगळा नाही, पण तसा बाहेर सोडता येत नाही आम्हाला." तिकडून बराच वेळ काहीतरी बोलणं झालं. आजी ऐकत होती आणि टेबलाकडे बघत होती. तिथे तिची मुलगी बेडकाच्या पोटात आरसा घालून बघत होती, थोरला अस्वलाला उलटं टांगून निथळत होता, आणि धाकटा त्याला सांगत होता की तू चुकीचं टांगलंयस.

"किती वेळ लागेल ते कसं सांगू, बाई," आजी फोनवर म्हणाली. "माणसं नवीन आहेत. वर्षं लागतील."